सात चुकीचे धागे

जगात काही कला अशा आहेत की त्या दिसल्या म्हणजे फसल्या. गायकाचा सूर ऐकू यावा लागतो, चित्रकाराचा रंग डोळ्यांत भरावा लागतो, आणि चारचौघांत बोलणाऱ्याचे तर सारे भांडवलच ऐकणाऱ्याच्या डोलणाऱ्या मानेवर! पण रफू करणाऱ्या हाताचे वैभव निराळे. त्याने मान मोडून चार दिवस काम करावे, आणि पाचव्या दिवशी पाहणाऱ्याने म्हणावे, "इथं तर काही झालंच नव्हतं!" हीच त्याची दाद. जखम भरते आणि भरणारा हात दिसत नाही, ही रीत खरे तर परमेश्वराची. ती ज्या एका माणसाच्या बोटांत उतरली, त्या माणसाची ही कथा आहे. ते माणूस म्हणजे एक बाई. अख्खी गल्ली त्यांना सुईताई म्हणते.

सुईताईंची खोली एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली आहे. दार इतके बुटके की धडधाकट माणसाला वाकूनच आत जावे लागते. आतून आवाज येतो, "वाका, वाका! इथं भले भले वाकलेत." आत उत्तरेच्या बाजूला हातभर खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर मेणाचा तुकडा, फ्लॅनेलच्या चिंधीत टोचलेल्या केसासारख्या सुया, आणि कडेला खाचा पाडलेला एक पुठ्ठा. या पुठ्ठ्याची हकीकत पुढे येणार आहे, म्हणून ताईंची कामाची पद्धत आधी सांगितली पाहिजे.

कपडा आला की ताई आधी तो उलटा करतात. शिवणीच्या आत, काठाच्या दुमडीत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथून त्याच कपड्याचे धागे एकेक करून उपसतात आणि पुठ्ठ्याच्या खाचेत अडकवून ठेवतात. एका कपड्याला एक खाच. मग भोकाच्या वर-खाली उभे धागे भरायचे, त्यांतून आडवे धागे न्यायचे, एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. मूळ विणकऱ्याने मागावर जे केले तेच पुन्हा सुईने करायचे. कपड्याची दुखणी कपड्यानेच भरून काढायची. ताई म्हणतात, "बाहेरचा धागा कितीही गुणाचा असू दे, तो पाहुणा. चार दिवसांनी पाहुणा ओळखू येतोच."

काम झाले की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन त्या एकच शब्द बोलतात, "शोधा." दहा आकडे मोजेपर्यंत रफू सापडला तर मजुरी माफ. एकतीस वर्षांत तो दोघांनाच सापडला. एक मुरलेला शिंपी, आणि एक आंधळा पेटीवादक. त्याने तो बोटांनी ओळखला. "त्याला मजुरी माफ केली आणि वर चहा पाजला," ताई सांगतात, "माझ्याहून वरचढ बोटं पहिल्यांदा भेटली."

त्यांचे यजमान बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसवतात. "माझा जन्म गेला लोकांच्या चुका पकडण्यात," ते म्हणतात, "आणि हिचा गेला त्या झाकण्यात. संसार टिकला तो असा!"

या पायरीवर येऊन बसणाऱ्यांत एक चोवीस वर्षांचा गडी होता. गल्लीने त्याचे नाव भिंगरी ठेवले होते, कारण त्याची जीभ भिंगरीसारखी फिरे. तो रॅपर होता. चाल नाही, आलाप नाही, ताना नाहीत. ठेक्यावर शब्द, शब्दावर शब्द, आणि त्या शब्दांचा असा काही पाऊस की ऐकणाऱ्याला छत्री उघडायला सवड मिळू नये! ज्याने कधी एका दमात लांब पद म्हणून पाहिले आहे, त्यालाच कळेल की ही साधी गोष्ट नव्हे. श्वासावर अशी हुकमत यायला तप लागते, मग ते देवघरात करा नाहीतर पुलाखाली.

ताईंना त्यातले निम्मे कळत नसे. त्या विचारत, "अरे, तू श्वास घेतोस तरी कधी?"

"गाणं संपलं की एकदमच घेतो, मावशी."

"आणि संपायच्या आधी लागला तर?"

"तर तुझ्याकडून रफू करून घेईन."

भिंगरी गात असे ते गल्लीतल्या टोळीविषयी. ही टोळी दुकानांना धमकावी, शाळेतल्या मुलांच्या दप्तरांतून पुड्या फिरवी, आणि आपल्या म्होरक्याचे नाव भिंतीवर पुरुषभर उंच अक्षरांत रंगवी. सगळ्यांना सगळे ठाऊक होते आणि कुणी काही बोलत नव्हते. भिंगरी बोलला. तेही शिवी न देता. त्याच्या गाण्यातल्या या दोन ओळी महिन्याभरात पोराटोरांच्या तोंडी झाल्या:

ज्याला सारे भितात, त्याची वाट कोण पाहतं?
ताट भरेल धाकानं, पण तुझ्यासाठी उपाशी कोण राहतं?

शिवी दिली असती तर टोळीने कदाचित हसून सोडले असते. पण हा प्रश्न होता, आणि त्याला म्होरक्याकडे उत्तर नव्हते. ज्या प्रश्नाला उत्तर नसते, तो फार खोल लागतो.

भिंगरी मंचावर आपल्या वारलेल्या बापाचा कोट घालत असे. बाप पहारेकरी होता. राखाडी लोकरीचा जाड कोट, खांद्यापासून खाली ढगळ. एके दिवशी तो मंचाच्या खिळ्यात अडकून पाठीवर वीतभर फाटला. भिंगरी कोट घेऊन आला तेव्हा त्याची भिंगरी थांबली होती. "मावशी, हा गेला तर बाबा दुसऱ्यांदा गेले," एवढेच तो म्हणाला.

ताईंनी कोट उलटा केला, काठातून भरपूर धागे उपसले, थोडे जास्तच, आणि पुठ्ठ्याच्या खाचेत लावले. चार दिवसांनी कोट तयार झाला. "शोधा," ताई म्हणाल्या. भिंगरीने पायरीवर बसून, मांडीवर ठेका धरून, एक ते दहा असे काही मोजले की तपासनीस काकांनी खुर्चीचा हात वाजवून साथ दिली. रफू सापडला नाही. त्याने कोट अंगात घातला, खिडकीसमोर एक गिरकी घेतली, आणि ताईंच्या पायांना हात लावून निघून गेला.

त्याच आठवड्यात आणखी एक गिऱ्हाईक आले होते. तिशीच्या आतले, नीट भांग पाडलेले, बोलायला गोड. हातात राखाडी लोकरीचे, टोपी जोडलेले जाकीट. खिशाखाली सिगारेटने नखाएवढे भोक पाडले होते. "उद्या सकाळी हवंय, ताई. अगदी लवकर."

इथे सुईताईंच्या हातून ती चूक झाली. रफू करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ती होऊ शकत नाही आणि दुसऱ्या कुणाला ती दिसूही शकत नाही. त्यांचा एक नेम होता: राखाडी रंगाला दिव्याच्या उजेडात हात लावायचा नाही. लाल चालेल, हिरवा चालेल. पण राखाडी हा लबाड रंग आहे. दिव्याखाली सगळे राखाडी सख्खे भाऊ दिसतात. त्यांचे सावत्रपण दाखवतो तो फक्त सूर्य. त्या दिवशी आभाळ भरून आले होते, खिडकी मंदावली होती, आणि गिऱ्हाइकाला घाई होती. ताईंनी दिवा लावला. पुठ्ठ्यावर शेजारशेजारच्या दोन खाचांत दोन राखाडी धागे होते, एक जाकिटाचा, एक भिंगरीच्या कोटाचा. जाकिटाला दुमड फारशी नव्हती, त्यामुळे धागे लवकर संपले, आणि बोटांनी न विचारताच शेजारच्या खाचेतून घेतले. सात धागे. मापून सात.

सकाळी गिऱ्हाईक आले. ताई म्हणाल्या, "शोधा." तो म्हणाला, "वेळ नाही," आणि जाकीट अंगात चढवून बाहेर पडला. आभाळ निवळले होते. पायरीवर ऊन आले होते. त्या उन्हात तो वळला, आणि खिशाखाली नखाएवढा निळसर डाग ताईंना लख्ख दिसला.

"अहो, थांबा! थांबा जरा!"

तो थांबला नाही.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा चुकलेले काम हातून गेले होते. ताईंनी ते कुणालाही सांगितले नाही, काकांनाही नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि काकांना वाटले पोट बिघडले असेल.

त्यानंतर नऊ दिवसांनी, भर दुपारी, भिंगरी गाणे ध्वनिमुद्रित करून स्टुडिओच्या जिन्यावरून उतरत असताना दोघांनी त्याला गाठले. तीन गोळ्या. उकाड्यामुळे कोट त्या दिवशी घरीच खुंटीवर होता. जिन्यावरच्या कॅमेऱ्यात दिसले ते एवढेच: गोळ्या झाडणाऱ्याच्या अंगात राखाडी जाकीट, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, चेहरा नाही.

पोलिसांना पाचव्या दिवशी एका गॅरेजमागे पोते सापडले. त्यात पिस्तूल आणि जाकीट. जाकीट रसायनात असे धुतले होते की तज्ज्ञांना त्यावर कुणाचा केस मिळाला नाही की घाम मिळाला नाही. संशयावरून टोळीतल्या एकाला धरले. तो म्हणाला, "हे जाकीट माझं नाही. त्या स्टुडिओच्या जिन्यावर मी जन्मात पाय ठेवलेला नाही." तसली जाकिटे बाजारात शेकड्यांनी मिळत. स्टुडिओवाला म्हणाला, मी आत होतो. खालचा दुकानदार म्हणाला, मी खाली वाकलो होतो. जिन्यावरची बाई म्हणाली, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि तिच्या नाकावर चष्मा होता. कुणाला नावे ठेवावीत? भीती हाही एक आजारच, आणि तो साथीचा आहे.

खटला एका जाकिटावर येऊन थांबला. ज्याचे जाकीट त्याचे पिस्तूल, ज्याचे पिस्तूल त्याचा खून. आणि जाकीट बोलत नव्हते.

सुईताईंनी पकडलेल्या माणसाचा फोटो वर्तमानपत्रात पाहिला तो एका गिऱ्हाइकाची पँट गुंडाळताना. नीट पाडलेला भांग. त्यांनी कागद सरळ केला, पुन्हा पाहिला, आणि खाली बसल्या.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा आणि त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सबंध जगात ते जाकीट ओळखू शकणारे एकच माणूस होते, आणि ते गप्प बसले असते तर देवाखेरीज कुणालाही कळले नसते. रफू दिसत नाही हीच तर तिची कीर्ती! तिची कला हाच खुन्याचा आडोसा झाला होता. आणि तो आडोसा पाडायचा तर दोन गोष्टी पणाला लावायच्या होत्या: एक जीव, आणि दुसरी ती चूक, जी तिने नवऱ्यापासूनही लपवली होती.

तीन दिवस त्या गप्प होत्या. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी काकांना सगळे सांगितले. काकांचा घास हातात राहिला.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"मग आता इथंच थांब. अगं, दोघांतला एक अजून मोकळा आहे. म्होरक्याचं तर नावही कुणी घेत नाही. तू देवाधर्माची बाई ना? मग देवाला सांग. तो करेल न्याय."

"देवाला सांगितलं."

"मग?"

"तो म्हणाला, जाकीट तू रफू केलंस, मी नाही."

यावर काकांना हसू आले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी हात धुतला आणि चपला घातल्या. "चल. पण मी सोबत येणार. मलाही थोडी तपासणी जमते."

पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने जाकीट टेबलावर पसरले, वरचा दिवा लावला, भिंग घेतले, आणि दहा मिनिटे शोधले. "ताई, इथं काहीच नाही."

"म्हणूनच तर ते माझं आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "आता ते अंगणात घेऊन चला."

अंगणातल्या उन्हात त्यांनी बोट ठेवले. अधिकारी किती तरी वेळ खाली वाकून राहिला.

भिंगरीची आई इस्पितळात आया आहे. तिने कोट तपासणीसाठी काढून दिला तेव्हा तो आधी छातीशी धरला. "ताई, याला अजून त्याचा वास येतो. धुवायचा नाही म्हणावं." तज्ज्ञांनी तो धुतला नाही. जाकिटातले ते सात धागे त्यांनी कोटाच्या काठातल्या धाग्यांशी ताडून पाहिले. रंग, पीळ, लोकरीचे वय, सगळे एक. म्हणजे मारणाऱ्याच्या खिशाखाली, मरणाऱ्याच्या बापाचा धागा विणलेला होता! कुणी विणला? चुकीने विणला. बुद्धीने कुणाला हे सुचले असते? मी या गोष्टीपुढे अनेकदा थांबलो आहे आणि प्रत्येक वेळी हात आपोआप जोडले गेले आहेत.

पण धाग्याला तोंड नसते. तो कुठला हे तज्ज्ञ सांगतील. जाकीट कोणी आणले हे सांगणारी एकच. ही गोष्ट टोळीलाही कळली.

एका सकाळी एक सभ्य गृहस्थ वाकून आत आले. त्यांनी पांढरा रुमाल टेबलावर ठेवला. मधोमध पात्याने सरळ चीर दिली होती.

"मावशी, हे रफू होईल?"

ताईंनी रुमाल खिडकीत धरला. "होईल. पण हा फाटलेला नाही, कापलेला आहे."

"तेच विचारायचं होतं. कापलेलं जोडता येतं तुम्हाला?"

"कापड येतं."

"आणि माणूस?"

"माणूस जोडता आला असता तर भिंगरी आज पायरीवर बसला असता. नाव काय लिहू?"

गृहस्थ हसले. "नाव नको."

"निनावी कपडा मी ठेवत नाही," ताई म्हणाल्या आणि रुमाल घडी करून परत दिला. "जाताना डोकं सांभाळा. दार बुटकं आहे."

तो गेल्यावर तासभर त्यांच्या सुईत दोरा गेला नाही. धैर्य म्हणजे भीती नसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी तो तास पाहायला हवा होता. त्यानंतर गल्लीने दुकानाकडे येणे सोडले. लोक पलीकडच्या बाजूने जात आणि खिडकीकडे न पाहता जात. चौदा महिने खटला चालला. चौदा महिने काका एकटेच पायरीवर बसत आणि कुणी नसले तरी विनोद करत.

साक्षीचा दिवस आला. न्यायालयाची ती खोली लांबट होती, भिंतींना हिरवट रंग, वर दिव्यांच्या नळ्या, आणि डाव्या हाताला धुळीने भरलेल्या तीन खिडक्या. आरोपी पिंजऱ्यात बसला होता, भांग तसाच नीट. मागच्या बाकांवर टोळीतली चार-पाच माणसे हाताची घडी घालून बसली होती. सरकारी वकील बाईंनी विचारले आणि ताईंनी सांगितले: जाकीट कधी आले, कोणी आणले, भोक कुठे होते. "यांनीच आणलं," त्या म्हणाल्या आणि बोट केले. आवाज बारीक होता, पण शब्द तुटला नाही.

मग बचाव पक्षाचे वकील उठले. मोठे नावाजलेले गृहस्थ. बोलणे असे मऊ की जणू कुणाची विचारपूसच चालली आहे.

"ताई, तुमचं काम कुणालाही सापडत नाही असा तुमचा लौकिक आहे. खरं ना?"

"लोक म्हणतात तसं."

"तुम्ही गिऱ्हाइकालाच शोधायला लावता म्हणे. वा! मग मीही शोधतो." त्यांनी जाकीट हातात घेतले आणि मोठ्याने दहा आकडे मोजले. बाकांवर हशा पिकला. "नाही सापडलं बुवा! न्यायाधीश महाराज, धागे तज्ज्ञांनी भिंगाखाली पाहिले असतील, पण हे काम याच ताईंचं, याला पुरावा काय? ताईंचा शब्द. आणि जे कुणालाच दिसत नाही, ते यांना मात्र दिसतं!"

"या उजेडात मलाही दिसत नाही," ताई म्हणाल्या.

वकील थबकले. "म्हणजे?"

"खिडकीपाशी चला."

वकिलांनी हरकत घेतली. हे न्यायालय आहे, बाजार नव्हे, म्हणाले. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आपल्या उंच आसनावरून उठून खाली आले. त्यांच्या मागोमाग सरकारी वकील, बचावाचे वकील, शिपाई. एका कारकुनाने रुमालाने काच पुसली. बाहेर दुपार होती. ताईंनी जाकीट उन्हात धरले आणि खिशाखालची जागा अंगठ्याने ताणली.

राखाडीत नखाएवढे आभाळ उमटले.

न्यायाधीश इतके वाकले की त्यांचे नाक कापडाला लागले. ज्यांच्यापुढे सारे वाकतात ते वाकले! आणि कशापुढे? सात धाग्यांपुढे.

वकील मुरलेले होते; पहिले तेच सावरले. "म्हणजे, ताई, हे काम चुकलंय?"

"हो."

"मोठ्याने सांगा, नोंद व्हायला हवी. तुमचं काम चुकलं?"

"चुकलं. माझा नेम मी मोडला, दिव्याखाली राखाडी हाताळला, आणि भिंगरीच्या कोटाचे धागे यांच्या जाकिटात गेले. तेव्हा मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती."

"जी बाई स्वतःच्या कामात चुकते, तिच्या ओळखण्यावर एका माणसाचा जन्म टांगायचा?"

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. राग नव्हता. शिकाऊ मुलीला टाका समजावून सांगावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"साहेब, मी बरोबर केलेलं काम माझं मलाही सापडत नाही. ते कपड्यात मिसळून जातं, माझं राहतच नाही. माझं म्हणून जगात मला ओळखता येतं ते एवढंच. ही चूक. ती माझी आहे. ती मी कुठंही ओळखीन."

बचावाच्या वकिलांनी हातातला कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "आणखी प्रश्न नाहीत," ते म्हणाले.

ताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरताना आरोपीच्या जवळून गेल्या. "मी थांबा म्हटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही थांबला नाहीत." त्याने पहिल्यांदाच मान खाली घातली. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काम सुधारून द्यायचे राहिले याची खंत होती, आणि ती खंत त्यांनी खुन्यापाशीही लपवली नाही.

माणसाला गुणाचा अभिमान असतो, आणि तोही सोडवत नाही; मग चूक कबूल करणे तर दूरच! इथे एका बाईने भरल्या न्यायालयात, शत्रूंच्या डोळ्यांदेखत, आपल्या आयुष्यातली एकुलती एक चूक उन्हात धरली आणि म्हटले, ही माझी. संतपणाची याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही. मी ग्रंथांत शोधली, मला ती जिन्याखाली सापडली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. जन्मठेप. दुसरा मारेकरी सापडला नाही. म्होरक्याचे नाव निकालपत्रात कुठेही नाही. न्याय पूर्ण झाला असे मी म्हणणार नाही. जेवढा झाला, तेवढा एका बाईच्या बोटांवरून झाला. निकाल ऐकून भिंगरीची आई ताईंच्या गळ्यात पडली, आणि दोघी किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग तिला तिच्या बहिणींनी धरून नेले. काका म्हणाले, "चल, घरी जाऊ. आता चहा तरी नीट लागेल."

ताई हलल्या नाहीत. त्या विचारत होत्या, "त्याची आई आली होती का हो?"

"अगं, आत्ताच तर गेली."

"ती नाही. जो आत गेला, त्याची."

काकांनी मान वळवून पाहिले. न्यायालयाच्या पायऱ्यांवर, अगदी कडेला, एक सुकलेली बाई एकटीच बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. मुलाला भेटू देतील म्हणून आणला असावा. टोळीची माणसे गाड्यांत बसून केव्हाच निघून गेली होती. त्यांतल्या एकाचेही तिच्याकडे लक्ष गेले नव्हते.

"नको," काका म्हणाले. "ती तुला काय वाटेल ते बोलेल."

"बोलू दे."

ताई जाऊन तिच्या शेजारी बसल्या. त्या बाईने वर पाहिले.

"तूच ना ती? सुईवाली?"

"हो. मीच."

शिव्याशाप ऐकायची तयारी करून ताई मान खाली घालून बसल्या होत्या. बाईने पदराने तोंड पुसले. समोरचा रस्ता तिने एकदा या टोकाला पाहिला, एकदा त्या टोकाला.

"इथून बस कुठं मिळते गं?" ती म्हणाली. "आधी कुठंही जायचं तर तोच सोडायचा."

"चला. मी दाखवते."

काका चार पावले मागे राहिले. दोघी थांब्यावर पोचल्या. बसला उशीर झाला. ऊन कलले तेव्हा ताईंनी बाजू बदलली आणि तिच्या अंगावर सावली पडेल अशा उभ्या राहिल्या. बस आली तेव्हा तिची पायरी उंच निघाली; त्या बाईचे गुडघे वर येईनात. ताईंनी पिशवी धरली आणि दुसरा हात पुढे केला.

तिने तो हात पाहिला. मग धरला, आणि त्याच्या आधाराने वर चढली.